पाठीवरचे बिऱ्हाड

(भीमजयंती समारंभात केलेले भाषण)



भीमजयंतीच्या व्यासपीठावरून आपण आजवर राज्यघटना, रुपयाचा प्रश्न, धम्मक्रांती अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने ऐकली. यंदा मात्र कार्यकारिणीने मला फर्मावले की, गेल्या उन्हाळ्यात पाठीला सॅक लावून तुम्ही जी भटकंती केली तिच्यातल्या चार गमती सांगा. भोजनापूर्वीचे भाषण पचायला हलके असावे. आज्ञा शिरसावंद्य. तथापि या गमतींपैकी दोन-तीन अशा आहेत की, त्या सांगताना मला हसू येते आणि त्याच वेळी घशाशी काहीतरी अडते. त्याला माझा इलाज नाही.

प्रारंभी एक निरीक्षण नोंदवतो. मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने तर अख्खा युरोप मराठी माणसाच्या ओसरीवर आणून बसवला. अशी पुस्तके मी आवडीने वाचली, खळखळून हसलो. परंतु वाचता वाचता जाणवे की, या वाङ्मयातील प्रवाशाची फजिती भाषेपायी होते, थंडीपायी होते, काट्याचमच्यापायी होते. धर्मशाळेचे दार लागेल, घोटभर पाणी मिळणार नाही, ही धास्ती त्या फजितीत कोठेच नसते; म्हणूनच ती विनोदी वाटते. आपल्या बाजूला अण्णाभाऊ साठे आहेत. ते १९६१ साली रशियाला गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहून मोकळे झाले. आणि दुसरे पुस्तक आहे परमपूज्य बाबासाहेबांचे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या आणि महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात त्या १९९३ साली समाविष्ट झाल्या. नाव व्हिसाचे, पण आत मसूरचे स्टेशन आहे, बडोद्याची पारशी धर्मशाळा आहे, चाळीसगावचा टांगा आहे, दौलताबादचा किल्ला आहे. म्हणजे सारा प्रवास स्वदेशातलाच. हा बारावा खंड मला हंगेरीतील एका शाळेला भेट द्यावयाचा होता. भटकंतीचे मुख्य निमित्त तेच.

आता गमतीला आरंभ व्हिसापासूनच होतो. माझा पासपोर्ट अद्याप भारताचा असल्यामुळे युरोपात पाऊल टाकण्यासाठी मला शेंगेन व्हिसा लागतो. सॅकवाल्या प्रवाशाची मौज अशी की, आज रात्री कोठे झोपणार हे त्याला सकाळी ठाऊक नसते. व्हिसाच्या अर्जात मात्र प्रत्येक रात्रीचे अंथरूण लेखी दाखवावे लागते. बँकेचे कागद, नोकरीचे पत्र, परतीचे तिकीट, तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा, इतका ऐवज सादर केल्यावरच ‘मी निश्चिंत भटक्या आहे’ हे सिद्ध होते. केंद्रातील तरुणीने माझा मार्ग वाचला: रोम, व्हिएन्ना, बुडापेस्ट, शायोकाझा. शेवटच्या नावावर तिचे बोट थबकले. तिने संगणकावर पाहिले आणि नम्रपणे विचारले, “प्रवासाचा हेतू पर्यटन असा लिहिला आहे. शायोकाझामध्ये आपण काय पाहणार?” मी म्हणालो, “एक पुतळा.” “कोणाचा?” “आमच्या बाबासाहेबांचा.” तिने ‘बाबासाहेब’ या शब्दाची अक्षरे विचारून घेतली, कोठे लिहिली देव जाणे, पण व्हिसा मिळाला.

विमान स्वस्तातले होते, आणि स्वस्त विमान कंपनीची करडी नजर काय असते ते आपण सारे जाणतो. सामानाची मर्यादा १० किलो. माझी सॅक भरली ११ किलो ४०० ग्रॅम. मागे रांग वाढत होती. मी शांतपणे एक स्वेटर अंगात घातला, त्यावर दुसरा घातला, वर रेनकोट चढवला आणि बारावा खंड काढून हातात धरला. कारण हातातले वाचनाचे पुस्तक वजनात धरत नाहीत, हा नियम मी आदल्या रात्रीच वाचून ठेवला होता. काउंटरवरील बाईंनी तो ग्रंथ निरखून पाहिला. “अडीच तासांच्या प्रवासात एवढे वाचणार?” मी म्हणालो, “बाई, परीक्षा जवळ आली आहे.” छप्पन्नाव्या वर्षी कोणती परीक्षा, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटले, पण त्यांनी जाऊ दिले. बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतले तेव्हा त्यांच्या ग्रंथांच्या पेट्या दुसऱ्या बोटीने पाठवल्या होत्या आणि ती बोट युद्धात टॉर्पेडोने बुडवली गेली. त्या मानाने दोन स्वेटर घालून घामाघूम होणे ही काही मोठी किंमत नव्हे.

रोममध्ये मी हॉस्टेलला उतरलो. एका खोलीत दहा जण, पलंग दुमजली, मला वरचा मजला. खाली ऑस्ट्रेलियाचा एक मुलगा, समोर अर्जेंटिनाच्या दोन मुली, कोपऱ्यात डेन्मार्कचा एक काटकुळा विद्यार्थी. आपल्या घोरण्याची कीर्ती मला माहीत आहे. म्हणून झोपण्यापूर्वी मी सर्वांना कापसाचे बोळे वाटले आणि अगोदरच क्षमा मागितली. मध्यरात्री जाग आली तेव्हा खोली गर्जत होती. गर्जना त्या डेन्मार्कच्या काटकुळ्याची होती, आणि बोळे संपल्यामुळे मीच काय तो उघड्या कानांनी पहुडलो होतो. सकाळी स्वयंपाकघरात सर्वांनी माझे अभिनंदन केले. तो बिचारा गप्पपणे पाव भाजत होता.

त्या स्वयंपाकघरातील एक गोष्ट मला फार आवडली. या सॅकवाल्या मुलांचे प्रश्न दोनच: कोठून आलात, आणि पुढे कोठे जाणार? वडिलांचे नाव नाही, धंदा नाही, आडनाव तर नाहीच. जाताना प्रत्येक जण उरलेले तेल, तांदूळ, मीठ एका फळीवर ठेवून जातो आणि पुढचा आलेला ते निःशंकपणे वापरतो. मी माझी शेंगदाण्याची चटणी त्या फळीवर ठेवली. सायंकाळी डबी रिकामी होती आणि तिच्यावर कोणीतरी चिठ्ठी लावली होती, ‘हे काय होते?’

रोमच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे ओतीव लोखंडी खांब उभे आहेत. कमरेएवढी उंची, पुढे नाकासारखी वाकडी तोटी. त्यांना लोक ‘नाझोने’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, मोठे नाक. १८७० च्या दशकापासून ते बसवले गेले. आज शहरात सुमारे २,५०० आहेत. चावी नाही, पैसे नाहीत, रखवालदार नाही. पाणी अखंड वाहते. गंमत अशी की, तोटीच्या वरच्या अंगाला एक लहान छिद्र असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की त्या छिद्रातून कारंजे उडते आणि वाकून पिण्याचे कष्ट वाचतात.

कोलोझियमच्या जवळ मी असा एका नाकाला बोट लावून पाणी पीत होतो. इतक्यात “अगं, हे बघ, हे बघ!” असे शुद्ध मराठी कानांवर पडले. एका सहल कंपनीचा तीस-पस्तीस जणांचा तांडा झेंड्यामागे चालला होता. उन्हाने सर्वांचे चेहरे लाल झालेले, आणि पाण्याच्या बाटलीचा भाव ऐकून ते आणखी लाल झालेले. मी मराठीत म्हणालो, “काका, बाटली कशाला घेता? या इकडे.” मग काय विचारता! पहिल्या काकांनी छिद्राकडे तोंड न नेता चष्माच नेला. दुसऱ्यांनी दाबलेले बोट हलवले आणि कारंजे थेट सहलप्रमुखाच्या झेंड्यावर गेले. काकू हसून बेजार झाल्या. पाचच मिनिटांत सारा तांडा त्या एका तोटीभोवती जमला. मी दाबून धरतो आहे आणि एकेक जण वाकून पितो आहे, असा तो सोहळा चालला. मग चिवड्याचा डबा उघडला, माझ्या हातावर बचकभर चिवडा आला आणि काकांनी आपुलकीने विचारले, “आडनाव काय आपलं?”

मी सांगितले. आमचे आडनाव गावावरून पडलेले. त्यावरून नेमका बोध होत नाही. “मूळ गाव?” तेही सांगितले. “गावात कोणत्या आळीला?” मी म्हणालो, “आळी नाही, गावाबाहेर.” “म्हणजे मळ्यात का?” “मळाही नाही.” “कुलदैवत?” मी म्हणालो, “आम्ही बौद्ध.” काका क्षणभर थांबले. “हो का, छान, छान,” म्हणाले. चिवड्याच्या डब्याचे झाकण लागले. कोणीही वावगे बोलले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. काकूंनी तर जाताना हातही हलवला. पण निघता निघता काकांनी त्या तोटीकडे एकदा वळून पाहिले. तीसच्या तीस जण माझ्या हातचे पाणी पिऊन चुकले होते. नळ वाहतच होता.

त्या रात्री मी बाराव्या खंडात दौलताबादचा प्रसंग पुन्हा वाचला. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह किल्ला पाहायला गेले, प्रवासाने धुळीने माखलेले होते म्हणून दारालगतच्या हौदावर हातपाय धुतले. ‘धेडांनी हौद बाटवला’ असा ओरडा झाला आणि शेवटी सशस्त्र शिपाई सोबत देऊन, पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, त्यांना किल्ला दाखवण्यात आला. येथे ब्रिटनमध्ये जातिभेदाला कायद्याने मनाई करण्याची तरतूद २०१० च्या समता कायद्यात शक्य म्हणून ठेवली गेली, २०१३ साली संसदेने ती सरकारवर बंधनकारक केली आणि २०१८ साली सरकारने ती करणार नाही असे जाहीर केले. ‘इथे जात आहेच कुठे?’ असे तेव्हा अनेकांनी विचारले होते. त्यांना चिवड्याच्या डब्यापर्यंत नेणे मला आवडले असते.

व्हिएन्नाविषयी सांगण्यासारखे थोडेच. रात्रीच्या गाडीने गेलो, सहा जणांचा डबा, आपल्याकडच्या थ्री टायरपेक्षा बर्थ थोडा रुंद. शहर देखणे आहे आणि कॉफी महाग आहे. बुडापेस्टला डॅन्यूब नदी पाहिली. तेथून मिश्कोल्ट्स दोन तास. पुढचे गाव काझिंत्सबार्त्सिका; ते नाव तिकीटखिडकीवर तीन वेळा उच्चारल्यावर मी कागदावर लिहून दिले. खिडकीतल्या बाईंनी ते वाचून माझ्याच उच्चारात म्हणून दाखवले आणि त्यांच्या मागची सारी कचेरी हसली. हंगेरियन माणूस आडनाव आधी सांगतो आणि नाव मागून, शाळेच्या हजेरीपटासारखे. त्यामुळे प्रत्येक ओळख करून घेताना ‘हजर’ म्हणावेसे वाटते. तेथे ‘हॅलो’ हा शब्द निरोप घेतानाही वापरतात. बसमधून उतरलो तर चालक म्हणाला, “हॅलो!” काही राहिले असेल म्हणून मी वळलो, “हॅलो” म्हणालो. त्याने पुन्हा “हॅलो” म्हटले आणि दार लावून बस नेली.

आता त्या मुलखातील एका गावची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. शाळेत दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचायचे होते आणि संध्याकाळ झाली होती. एका घरावर ‘खोली भाड्याने मिळेल’ अशी पाटी होती. घंटा वाजवली. साखळी न काढता दार चार बोटे उघडले, एका वयस्क बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, “निंच.” निंच म्हणजे नाही. मी पाटीकडे बोट केले. “निंच, निंच.” दार लागले. मी पायरीवर बसून फोनवरील भाषांतराच्या सोयीने एक वाक्य तयार केले: ‘मी भारतीय आहे, लंडनहून आलो आहे, एका रात्रीची खोली हवी आहे.’ पुन्हा घंटा वाजवली आणि फटीतून फोन व पासपोर्ट दोन्ही पुढे धरले. बाईंचा चेहरा उजळला. “इंडिया! योगा!” साखळी निघाली. खोली होती. गरम सूप होते. मुरंबा घातलेले पॅनकेक होते. बाईंनी माझ्याच फोनमध्ये बोलून मला समजावले आणि फोनने त्यांचे म्हणणे निर्विकार आवाजात वाचून दाखवले: ‘माफ करा. मला वाटले तुम्ही जिप्सी आहात.’ त्यांनी हे इतक्या निर्मळपणे सांगितले, जणू चूक फक्त ओळखण्यात झाली होती.

बंधू-भगिनींनो, १९१७ साली बडोद्याच्या धर्मशाळेत जागा मिळावी म्हणून कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना पारशी नाव नोंदवावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसे आली, त्यांना बाहेर पडावे लागले, आणि संध्याकाळपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. मला नाव लपवावे लागले नाही, उलट खरे सांगितले म्हणून दार उघडले. सूप चविष्ट होते. मला झोप मात्र उशिरा लागली.

शायोकाझा हे शायो नदीकाठचे, एकेकाळच्या कोळसा खाणींच्या टापूतील गाव. येथील रोमा समाजाला आपण जिप्सी म्हणून ओळखतो. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. हिटलरच्या छळछावण्यांत ते मारले गेले. हंगेरीत २००८-०९ मध्ये त्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, सहा जीव गेले. धडधाकट रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळेत घातल्याबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१३ साली हंगेरीला दोषी ठरवले. अशा ठिकाणी डेर्डाक टिबोर आणि ओर्शोश यानोश या दोघा शिक्षकांनी बाबासाहेबांचे चरित्र वाचले, महाराष्ट्रात येऊन आपल्या वस्त्या पाहिल्या आणि २००७ साली ‘जय भीम’ नावानेच संस्था उभारली. शाळा सोडून दिलेल्या मुलांना पुन्हा वर्गात बसवून शालान्त परीक्षेपर्यंत नेणे हे तिचे काम. शाळेला नाव डॉ. आंबेडकरांचे. आवारात त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि अंगणातल्या पोरांनी मला पाहताच “जय भीम!” अशी आरोळी ठोकली तेव्हा दोन स्वेटरांचे ओझे वाहून आणल्याचे सार्थक झाले.

वर्गात मी बडोद्याची गोष्ट सांगितली. इंग्रजीच्या शिक्षिका भाषांतर करीत होत्या. एका मुलाने विचारले, “त्यांनी पारशी नाव घेतले, ते बरोबर होते का?” मी उत्तर जुळवतो आहे तोवर दुसराच म्हणाला की, नोकरीसाठी फोन केला की तो आपल्या वस्तीचा रस्ता सांगत नाही, शहरातल्या मावशीचा पत्ता सांगतो. वर्ग हसला, सगळ्यांचीच एक एक मावशी असावी. मग मी आदल्या रात्रीची हकिकत सांगितली. ‘निंच’ ऐकून मुले टेबलावर हात आपटून हसली. बाईंची नक्कल त्यांनी माझ्यापेक्षा चांगली केली. मागच्या बाकावरील सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, “तुम्ही पासपोर्ट दाखवलात. आम्ही कोणता दाखवायचा? आमचा तर हंगेरीचाच आहे.”

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाचा अर्थ मी अनेक वर्षे अनेकांना समजावून सांगितला होता. तिने पुस्तक अजून उघडलेही नव्हते.

तास संपल्यावर ती माझी सॅक उचलून पाहत होती. मी पट्टे सैल करून तिच्या पाठीला लावून दिली. ती पुतळ्यापर्यंत चालत गेली, परत आली आणि विचारले, किती किलो? मी म्हणालो, आता ग्रंथ काढल्यावर साडेनऊ. ती बुडापेस्टलाही गेलेली नाही. लंडनला कोणत्या गाडीने जातात, रात्री कोठे झोपतात, हॉस्टेलच्या दारावर काय विचारतात, हे तिने वहीत लिहून घेतले. प्रिमरोझ हिलच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घराचा पत्ताही घेतला. बाबासाहेब तेथे १९२१-२२ साली राहत होते आणि महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली विकत घेतले, हे आपण जाणताच.

परतल्यावर तिच्या शिक्षिकेचे पत्र आले. परीक्षा उरकल्यावर ऑगस्टमध्ये चार विद्यार्थी आठ दिवसांसाठी लंडनला येऊ इच्छितात. वर्गणीतून प्रवासखर्चाची व्यवस्था करण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. प्रश्न राहण्याचा आहे. हॉटेल परवडणार नाही आणि हॉटेलात ठेवावे असे मला वाटतही नाही. माझ्या घरी दोघांची सोय होते; मुलाने आपली खोली सोडण्याचे कबूल केले आहे, अर्थात काही अटींवर. आणखी दोघांसाठी घर हवे. चहाच्या टेबलावर कागद ठेवला आहे. त्यावर नाव, पत्ता आणि किती रात्री ठेवता येईल तेवढे लिहावे. मुले सर्व काही खातात, हे पत्रात मुद्दाम कळवले आहे. कार्यकारिणी मला घड्याळ दाखवते आहे, तेव्हा आता भोजन.

जय भीम!